झाड बाहेर काढता येईल अशी कुंडी

बोन्सायच्या प्रदर्शनात लोक झाडाकडे बघतात, आणि तेच बरोबर आहे. झाडाआधी कुंडीकडे लक्ष गेलं तर समजावं, काहीतरी बिनसलं आहे. पण दर दोन-तीन वर्षांनी ते झाड कुंडीतून बाहेर काढतात, मुळं छाटतात, नवी माती भरतात. त्या दिवशी कुंडी करणाऱ्याचं सगळं काम उघड्यावर येतं. मी पुण्यात स्टोनवेअरच्या कुंड्या करते. वड, पिंपळ, उंबर, चिंच, कामिनी, बोगनवेल, ज्युनिपर अशा झाडांसाठी. या कामातून जे हाताला आणि डोळ्याला कळलं ते इथे क्रमांक घालून मांडते आहे. पहिले दोन मुद्दे मुद्दाम आधी घेतले आहेत, बाकीचे जसे सुचले तसे.

१. कुंडी जितकी झाड ठेवण्यासाठी, तितकीच ते काढण्यासाठी

एका काकांच्या गच्चीवर वडाचं जुनं बोन्साय होतं. खोड जाडजूड, दोन पारंब्या मातीपर्यंत पोचलेल्या. कुंडी बाजारातून आणलेली: निळ्या ग्लेझची, गोल, पोटाला फुगीर आणि तोंडाशी आत वळलेली. दिसायला फार देखणी. पावसाच्या तोंडावर रिपॉटिंगसाठी झाड काढायला घेतलं. कडेनं बारीक करवत फिरवली, तळाच्या भोकातून लाकडी दांडक्यानं वर ढकलून पाहिलं, खोड धरून हलवलं. झाड तसूभर हललं नाही. आत मुळांचा गड्डा कुंडीच्या पोटाएवढा झाला होता आणि तोंड त्याहून चांगलं चार बोटं लहान.

काका म्हणाले, "ताई, मुळं कापायची की कुंडी फोडायची, ते तुम्हीच सांगा."

मुळं कापायची तर कडेची सगळी तंतुमुळं गेली असती, आणि झाड पाणी पितं ते त्यांच्याच जोरावर. कुंडी फोडली. खापऱ्या बाजूला केल्यावर दिसलं की आतूनही पार तळापर्यंत ग्लेझ लावलेलं होतं. त्या गुळगुळीत भिंतीवर मुळांना कुठेच थारा मिळाला नव्हता, ती नुसती गोल गोल फिरत राहिली होती.

भिंत सरळ वर जावी, नाहीतर तोंडाकडे किंचित पसरावी. ओठाला जाडी द्यायची असेल तर ती बाहेरच्या अंगाला द्यावी. आत वळलेल्या ओठाच्या सुंदर कुंड्या जपानी आणि चिनी परंपरेत आहेत. त्या वापरणारे जाणकार रिपॉटिंगच्या वेळी कडेनं विळा फिरवून झाड सोडवतात आणि तेवढं नुकसान धरूनच चालतात. थंड हवेतल्या पाइनला ते सोसतं. आपल्याकडे वड-पिंपळाची मुळं जवळजवळ वर्षभर वाढत असतात. त्यांच्यासाठी मी आत वळलेला ओठ करत नाही, मागणारा कितीही आग्रही असला तरी.

२. तळ हीच खरी कारागिरी

गिऱ्हाईक कुंडी हातात घेतं, रंग बघतं, कोपऱ्यावर बोट फिरवतं. उलटी करून तळ बघणारं माणूस क्वचित भेटतं. भेटलं की मला फार आनंद होतो, कारण कुंडी चांगली की वाईट याचा निकाल तिथेच लागतो.

उथळ कुंडीत पाण्याचं वागणं वेगळं असतं. कुठल्याही कुंडीत पाणी घालून निथळू दिलं तरी तळाशी मातीचा एक थर ओलाच राहतो, त्यातलं पाणी भोकातून बाहेर पडत नाही. या थराची उंची ठरते मातीच्या दाण्यांवर. कुंडी किती खोल आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. भांडी घासायचा स्पंज पाण्यानं पूर्ण भिजवून आडवा धरा, टपटप थांबू द्या, मग तोच उभा करा. आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, भोकं तीच, बदलली ती फक्त उंची. समजा एखाद्या मातीत हा ओला थर तीन सेंटिमीटरचा राहतो. पंधरा सेंटिमीटर खोल कुंडीत तो तळाच्या पाचव्या हिश्शात राहील आणि वरची मुळं मजेत श्वास घेतील. पाच सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये मात्र अर्ध्याहून जास्त माती सतत भिजलेली. म्हणून बोन्सायची माती भरड, दाणेदार लागते आणि धूळ चाळून काढावी लागते. ते काम झाड लावणाऱ्याचं. आपलं काम एवढंच की निथळून खाली आलेलं पाणी कुठेही न अडता बाहेर गेलं पाहिजे.

ते तीन ठिकाणी अडतं. भोक पाडताना हत्यार ज्या बाजूनं बाहेर येतं तिथे मातीची कड उचलली जाते. आतल्या बाजूला तशी कड राहिली तर भोकाभोवती बांध तयार होतो. ती ओल्या स्पंजनं पुसून, बोटानं दाबून, उलट किंचित आत झुकवावी लागते. दुसरं, मोठ्या ट्रेचा तळ पायांच्या मध्ये खाली बसतो; भोकं कडेला आणि खड्डा मधोमध, असं झालं की तिथे कायमचं डबकं. तिसरं ठिकाण म्हणजे भिंत आणि तळ जुळतात तो आतला सांधा. तिथे मजबुतीसाठी मातीची वळी भरतात. ती ओबडधोबड राहिली तर कोपऱ्यात पाणी थांबतं.

माझी परीक्षा साधी आहे. कुंडी अर्धवट सुकली, म्हणजे नखानं खूण उमटते पण बोटानं दबत नाही अशी झाली, की काचेची गोटी घ्यायची आणि चारही कोपऱ्यांतून एकेकदा सोडायची. गोटी आपल्या आपण घरंगळत भोकाशी आली पाहिजे. जिथे थांबेल तिथे तळ अजून घासायचा. भट्टीतून निघाल्यावर पुन्हा तपासायचं, कारण आचेत तळ थोडा तरी हलतोच: कुंडी सपाट ओट्यावर ठेवून पेलाभर पाणी ओतायचं आणि काय मागे उरतं ते बघायचं. पातळ ओल चालेल, साचलेलं पाणी चालणार नाही.

रिपॉटिंगला कुणी बोलावलं की मी शक्यतो जाते. मुळांचा गड्डा उलटा केला की तळाचा नकाशाच समोर येतो. भोकांच्या जवळ पांढरी, टोकदार, जोमानं वाढणारी मुळं; पाणी थांबत होतं तिथे काळी, बोटांत चुरडणारी, कुजका वास येणारी. त्या काळ्या पट्ट्याची जागा मी मोजून ठेवते आणि पुढच्या तशा कुंडीत भोक तिकडे सरकवते. तीस सेंटिमीटर लांबीच्या कुंडीला मी साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाची दोन भोकं ठेवते. कोकणातल्या गिऱ्हाइकासाठी त्यात भर घालते, कारण तिथे जून ते सप्टेंबर पाणी घालण्यापेक्षा ते घालवण्याचीच काळजी जास्त असते.

३. तारेची भोकं विसरू नका

उथळ कुंडीत नुकतं लावलेलं झाड स्वतःच्या मुळांवर उभं राहू शकत नाही. ते तळातून घेतलेल्या तारेनं बांधावं लागतं, नाहीतर वाऱ्यानं हलतं आणि नवी मुळं तुटत राहतात. त्यासाठी तळाला चार-पाच मिलिमीटरची लहान भोकं लागतात, मोठ्या कुंडीला किमान चार. भाजलेल्या स्टोनवेअरला नंतर ड्रिल लावणं म्हणजे जिवाचा खेळ. आकसल्यावर भोकही लहान होतं, हे धरून ते पाडतानाच थोडं मोठं घ्यावं.

४. पाय शोभेचे नसतात

ढगाच्या आकाराचे, कोरीव, वळलेले असे पायांचे किती तरी प्रकार आहेत आणि ते करताना हात रमतो. पण पाय असतात ते कुंडीखालून हवा खेळावी आणि पाणी निघून जावं म्हणून. मी एक सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचा पाय करत नाही. गोल कुंडीला चाकावर अखंड कडी काढणं सोपं जातं, पण अशी कुंडी गुळगुळीत फरशीवर ठेवली की कडी फरशीला चिकटून बसते आणि आतलं पाणी आतच. त्या कडीला तीन ठिकाणी खाच हवीच. आणि पंचेचाळीस सेंटिमीटरपेक्षा लांब ट्रेला मध्येही पाय द्यावा; भट्टीत माती मऊ होते तेव्हा मधला आधार नसेल तर तळ झोळीसारखा लोंबतो.

५. आपली माती, आणलेली माती

कुंभारवाड्यातल्या मातीबद्दल मला मनापासून आदर आहे. गाळाची माती, त्यात राख, घोड्याची लीद, तुडवून तुडवून एकजीव केलेली. तिचं मडकं उन्हाळ्यात पाणी गार करतं ते ती सच्छिद्र असते म्हणून. आणि नेमक्या याच गुणामुळे ती बोन्सायच्या उथळ कुंडीला कमी पडते. भिंतीतून पाणी सतत बाहेर झिरपतं, बाहेर वाळतं, क्षार मागे ठेवतं. काही वर्षांत पापुद्रे सुटतात. तीच माती जास्त भाजून घट्ट करू म्हटलं तर होत नाही. तिच्यात लोह आणि माती वितळवणारे क्षार जास्त असतात, त्यामुळे स्टोनवेअरच्या तापमानाला ती फुगते आणि बसते. काळ्या मातीचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात ते तिच्या अफाट आकसण्यामुळे, आणि कुंडीतही ती तेच करते.

म्हणून बॉल क्ले, चायना क्ले, फेल्डस्पार, क्वार्ट्‌झ यांचं मिश्रण. आम्हाला ते बहुतेक गुजरात-राजस्थानातून मिळतं. त्यात मी ग्रॉग, म्हणजे आधी भाजून दळलेली माती, घालते. ग्रॉग पुन्हा आकसत नाही, त्यामुळे मोठा तळ कमी वाकतो आणि कमी तडकतो.

माती किती घट्ट भाजली हे रंगावरून सांगू नये, तोलून सांगावं. भाजलेला तुकडा पूर्ण कोरडा करून वजन करा, पाच तास उकळा, पाण्यातच रात्रभर थंड होऊ द्या, वरवर पुसून पुन्हा वजन करा. शंभर ग्रॅमचा तुकडा एकशे दोन ग्रॅम भरला तर पाणी शोषण दोन टक्के. मी तीन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. जिथे पाणी गोठतं त्या देशांत हा आकडा जगण्या-मरण्याचा असतो, कारण बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि भिंत आतून फोडतं. आपल्याकडे गोठण्याचं भय जवळजवळ नाही. आपल्याकडे शत्रू आहे क्षार.

६. आकसण्याचं गणित भागाकाराचं आहे

माझी माती ओल्यापासून भाजेपर्यंत बारा टक्के आकसते. तीस सेंटिमीटरची कुंडी हवी, तर बरेच जण तिसात बारा टक्के मिळवतात आणि ३३.६ धरतात. ते कमी पडतं. आकसणं ओल्या मापातून होतं, म्हणून तीसला ०.८८ नं भागायचं: ३४.१. ट्रे साठ सेंटिमीटरचा असला की हाच फरक एक सेंटिमीटरच्या घरात जातो, आणि झाड नेमक्या मापानं लावायचं असेल तर तो बोचतो. प्रत्येक नव्या पोत्यातल्या मातीची पट्टी करून, तिच्यावर दहा सेंटिमीटरची रेघ ओढून, भाजून मोजावं. पोतं बदललं की आकडा बदलतो.

७. मातीला सगळं आठवतं

चौकोनी कुंडी पाटांतून होते. माती सारख्या जाडीत लाटायची, कापायची, कडा पंचेचाळीस अंशांत तासायच्या, खरवडून त्याच मातीचा पातळ चिखल लावायचा आणि जोडायच्या. लिहिताना चार ओळींचं काम आहे. करताना त्यातलं निम्मं कौशल्य वाट बघण्यात जातं.

लाटलेला पाट उचलताना एकदा वाकला आणि आपण तो पुन्हा सरळ केला, तरी भट्टीत तो त्याच जागी, त्याच बाजूला वाकतो. मातीचे कण चपटे असतात. वाकताना ते एका बाजूला दाबले आणि दुसऱ्या बाजूला ताणले जातात, आणि वरून सपाट दिसला तरी हा ताण आतच राहतो. म्हणून पाट हातानं कधी उचलू नये. तो फळीवरच लाटावा, वर दुसरी फळी ठेवावी आणि दोन्ही धरून उलटावा. लाटताना एकाच दिशेनं लाटू नये. पाट फिरवत राहावं, दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टीनं चेपावं. तळाच्या पाटाला मी थापटण्यानंही हलके ठोके देते. न चेपलेला तळ हमखास मधोमध चिरतो.

मग सुकणं. कोपरे आणि ओठ आधी सुकतात, तळ सगळ्यात शेवटी. आधी सुकलेला भाग आधी आकसतो आणि अजून ओल्या असलेल्या भागाला ओढतो. चिरा आणि वाक इथेच जन्माला येतात, भट्टीत नुसत्या दिसू लागतात. कोपऱ्यांवर आणि ओठावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या, तळाखाली वर्तमानपत्राचे थर किंवा जाळी, आणि रोज एकदा उलटवणं. पुण्यात मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात मी मोठे ट्रे करायचं टाळते. पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, पण तो वेळ सारखा लागतो आणि मला तेच हवं असतं. कारखान्यात कुणी पंखा लावला तर मी आधी बघते की त्याचा झोत कुठल्या भिंतीवर जातोय.

लांब भिंती सुकताना आणि भाजताना आतल्या बाजूला झुकतात. त्या किंचित बाहेर पोट काढलेल्या जोडाव्या, म्हणजे शेवटी सरळ दिसतात. किती बाहेर, ते त्या मातीवर आणि त्या लांबीवर अवलंबून असतं. मध्ये आधार द्यायचा तर लाकडाचा देऊ नये. लाकूड आकसत नाही आणि भिंत त्याच्यावर येऊन फुटते. त्याच मातीची पट्टी मध्ये बसवावी, ती भिंतीबरोबर आकसते.

८. भट्टी तापवण्याइतकीच निवू देण्याची कला

ओलावा शंभर अंशांच्या आसपास निघतो, आणि तो घाईनं निघाला तर कुंडी फुटते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी लोक लक्षात ठेवतात तो टप्पा ५७३ अंशांचा. तिथे मातीतल्या क्वार्ट्‌झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि आकारमान एकदम बदलतं, वर जाताना आणि खाली येतानाही. चहाच्या कपाला त्याचं फार वाटत नाही. साठ सेंटिमीटरच्या ट्रेची कड ५७३ च्या खाली गेली आणि मधला भाग अजून वर असला, तर आरपार चीर जाते. ट्रेखालची भट्टीची फळी उष्णता धरून ठेवते, म्हणून तळ मागे राहतो आणि कड पुढे जाते. मी मोठा ट्रे फळीवर थेट ठेवत नाही, खाली लहान आधार देऊन मोकळी जागा ठेवते, किंवा त्याच मातीच्या पातळ कच्च्या पाटावर बसवते, म्हणजे आकसताना पाय खरवडले न जाता पाटाबरोबर सरकतात. झाकण शंभर अंशांच्या वर असताना उघडायचं नाही. कितीही उत्सुकता असली तरी नाही.

निघालेली कुंडी बोटांच्या टोकांवर तोलून दुसऱ्या हाताच्या पेरानं वाजवावी. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी डोळ्याला न दिसणारी चीर आहे, आणि ती कुंडी विकू नये.

९. ग्लेझ बाहेर, आणि आत फक्त मातीच्या रेषेपर्यंत

आत भिंत खरखरीत असली की मुळं तिला धरतात. ओठावरून आत साधारण एक सेंटिमीटर ग्लेझ पुरे, तेवढंच माती भरल्यावर दिसतं. पण एकाच बाजूला ग्लेझ असलं की थंड होताना भिंतीवर एकांगी ताण येतो. पातळ भिंत आणि जाड ग्लेझ ही जोडी म्हणून टाळावी. मध्यम कुंडीची भिंत मी सहा ते आठ मिलिमीटर ठेवते.

रंगाचा संकेत जुना आहे आणि बहुतेक वेळा खरा ठरतो: ज्युनिपर-पाइनसारख्या झाडांना बिनग्लेझची तपकिरी किंवा लालसर कुंडी, फुला-फळांच्या आणि पानझडी झाडांना ग्लेझची. बोगनवेलीच्या राणी रंगाखाली मी फिकट निळा किंवा सायीसारखा पांढरट देते. लाल कुंडीत ती फुलं विझल्यासारखी वाटतात. बुटक्या डाळिंबाला सेलाडॉनचा निळसर हिरवा. वडाला जवळजवळ नेहमी मातकट. त्याची साल आणि पारंब्या स्वतःच इतकं बोलतात की खाली आणखी कुणी बोलू नये.

विदर्भातल्या गिऱ्हाइकांसाठी आणखी एक विचार करावा लागतो. गडद कुंडी मे महिन्याच्या उन्हात भयंकर तापते आणि कडेची मुळं भाजतात. तिथे मी फिकट रंग आणि थोडी जाड भिंत सुचवते, मग संकेत बाजूला राहिला तरी चालेल.

१०. आधी झाड बघा

"बारा बाय आठची एक कुंडी द्या" अशी मागणी आली की मी झाडाचा फोटो मागते. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीएवढी, हे प्रमाण कुठल्याही शिबिरात शिकवतात. सुरुवातीला ते उपयोगी पडतं. पण झाड रुंद पसरलेलं असेल तर लांबी उंचीवर न धरता पसाऱ्यावर धरावी लागते. कड्यावरून खाली झेपावणारं झाड असेल तर उंच, जड बुडाची कुंडी हवी, नाहीतर ती उलथते. झाडांचा समूह लावायचा तर अगदी उथळ अंडाकृती ट्रे. जाड, रुतलेल्या मुळांच्या वडाला चौकोनी कोपरे शोभतात, कामिनीच्या नाजूक वळणाला नाही. आणि झाड अजून वाढवायचं असेल, खोड जाड व्हायचं असेल, तर मी सांगते की इतक्यात ही कुंडी घेऊच नका, साध्या खोल कुंडीत किंवा जमिनीत वाढू द्या.

११. पांढरे डाग काय सांगतात

आपल्या बोअरवेलच्या पाण्यात चुना असतो. वर्षभरात कुंडीच्या ओठावर आणि पायांवर पांढरी पुटं चढतात. डाग फक्त ओठावर आणि भोकांभोवती असतील तर ते बाहेरून वाळलेल्या पाण्याचे. भिंतीच्या मधोमध, खालपासून वर चढत आलेले असतील तर पाणी भिंतीतूनच झिरपतंय, म्हणजे कुंडी कच्ची भाजली आहे. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून कापडानं पुसलं की चुना सुटतो. मग साध्या पाण्यानं धुवावं आणि मातीत ते जाऊ देऊ नये. तारेच्या घासणीनं खरवडू मात्र नये. बिनग्लेझच्या कुंडीला वर्षानुवर्षांच्या पाण्यानं, हातांनी आणि हवेनं जी मऊ झाक येते तिच्यासाठी जपानमध्ये जुन्या कुंड्यांना जास्त मान मिळतो. ती एका दुपारी घासून घालवता येते आणि परत आणता येत नाही.

१२. कोरडा झाडू नाही

कारखान्यातली पांढरी धूळ म्हणजे बारीक सिलिका. ती फुप्फुसात जाते आणि बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, ग्लेझ कालवताना मास्क लावा. मुलांना आत खेळू देऊ नका.

१३. जुन्या कुंड्या हातात घेऊन बघा

चित्रांतून आकार कळतो, वजन कळत नाही. बोन्सायच्या कुंडीची दोन मोठी घराणी म्हणजे चीनच्या जिआंगसू प्रांतातलं यिशिंग आणि जपानमधलं तोकोनामे. यिशिंगची जांभळट तांबडी माती चहाच्या किटल्यांसाठी जगभर ठाऊक आहे. तिथून फार पूर्वी जपानमध्ये गेलेल्या कुंड्या आज तिथे अनमोल मानल्या जातात. तोकोनामे हे जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांच्या गावांपैकी एक. तिथे १८८७ मध्ये बांधलेली, दहा धुराड्यांची, उतारावर चढत गेलेली भट्टी अजून उभी आहे. ती १९७४ पर्यंत पेटत होती. या गावानं बोन्सायच्या कुंड्यांबरोबर सांडपाण्याचे मातीचे नळही मोठ्या प्रमाणावर केले, आणि गावातल्या एका चढणीची भिंत त्या नळांनी बांधलेली आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी पाणी वाहून नेणाऱ्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या केल्या, त्यांच्या कुंडीच्या तळाला निथळणं शिकवावं लागलं नसणार.

क्योतोचे हेइआन तोफुकुजी (१८९०–१९७०) यांच्या लहान कुंड्या आज संग्राहक शोधत फिरतात. त्यांच्या कामात नेमकेपणाचा हट्ट दिसत नाही. ओठ थोडा हलतो, ग्लेझ कुठे जाड कुठे पातळ असतं. पण प्रमाण पक्कं असतं, त्यामुळे तळहातावर मावणारी कुंडीही मोठी वाटते.

आपल्याकडे अशा कुंड्या हातात घ्यायला मिळणं कठीण. ज्या संग्राहकांकडे एखादी आहे ते बहुधा आनंदानं दाखवतात. विचारावं. उलटी करून बघू द्या, अशी विनंती करावी.

१४. लहान कुंडीपासून सुरुवात

शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी मोठा ट्रे करायचा असतो. मी दहा सेंटिमीटरची कुंडी करायला सांगते. वाकण्या-चिरण्याचं भय कमी, भट्टीत जागा कमी, आणि भोक, पाय, ओठ, तारेची वाट हे सगळं तिच्यात असतंच. झालेली कुंडी कपाटात मांडून ठेवू नये. पुण्या-मुंबईत कुठल्याही जुन्या इमारतीच्या पन्हाळीशी भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलेलं असतं, आणि तिथून ते काढलं तर भिंतीचंही भलंच होतं. ते आणून लावावं. वर्षभर पाणी घालावं, उन्हात ठेवावं, पाऊस झेलू द्यावा. पुढच्या जूनमध्ये रोप काढून आधी मुळांचा गड्डा उलटा करून बघावा, मग रिकाम्या कुंडीत पाणी ओतून बघावं. दुसरी कुंडी त्यानंतर करायला घ्यावी.